हत्ती आपला, माहूत त्यांचा

जुनी जर्मन सेडान घ्यायची आहे, असं नुसतं बोलून दाखवा. दोन प्रकारचे लोक तुम्हाला अडवायला धावत येतील.

पहिला प्रकार काकांचा. लग्नात, वास्तुशांतीला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते हमखास भेटतात. "हत्ती घेणं सोपं असतं रे, पोसणं अवघड," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या साडूच्या शेजाऱ्यानं अशीच एक घेतलेली असते, एका हेडलाइटपायी लाखभर रुपये घातलेले असतात आणि शेवटी येईल त्या भावात ती फुंकून स्विफ्ट काढलेली असते. प्रत्येक काकांकडे असा एक साडूचा शेजारी असतोच.

दुसरा प्रकार आपल्याच वयाचा. यांना तुमच्या खिशाची काळजी नसते, चारित्र्याची असते. "स्टेटससाठीच ना?" असं विचारतात. हप्त्यावर घेतलेल्या आयफोनवरून विचारतात, पण ते असो.

एकाला गाडी घेणारा मूर्ख वाटतो, दुसऱ्याला दिखाऊ. मला दोघांशीही भांडायचं आहे, कारण दोघांनीही चुकीच्या माणसाची कॉलर धरली आहे. जर्मन सेडान महाग पडते हे खरं. तिच्यात थोडा तोरा असतो हेही खरं. पण महागपणा आणि तोरा या दोन गोष्टी गाडी घेणाऱ्याला आधीच माहीत असतात, आणि त्या कबूल करूनच तो घेतो. त्याला कोणी सांगत नाही ती तिसरी गोष्ट: पैसे मोजले, आरटीओत नाव चढलं, इन्शुरन्स झाला, पेढे वाटले, तरी ती गाडी पुरती त्याची होत नाही. सातबारा आपल्या नावावर आणि विहिरीचं पाणी मात्र दुसऱ्याला विचारून काढायचं, असा हा व्यवहार आहे. विहिरीवरचं हे कुलूप लोखंडाचं नाही, सॉफ्टवेअरचं आहे. सॉफ्टवेअर लिहून मी पोट भरतो, त्यामुळे त्याबद्दल बोलायचा मला थोडा अधिकार आहे असं मी धरून चालतो.

तीन वर्षांपूर्वी मी आठ वर्षं जुनी एक जर्मन डिझेल सेडान घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. नवी असताना चाळीस लाखांच्या पुढची गाडी मला साडेबारा लाखांत मिळाली. मला ती आवडते. हायवेला लागल्यावर ती ज्या ठामपणे रस्ता धरते, खंडाळ्याच्या वळणावर स्टिअरिंगमधून रस्ता जसा हाताला कळतो, तसं मला दुसऱ्या कुठल्या यंत्रानं अजून काही सांगितलेलं नाही. म्हणजे हा द्राक्षं आंबट म्हणणाऱ्या कोल्ह्याचा लेख नाही. द्राक्षं गोड आहेत. भांडण वेलीच्या कुंपणाशी आहे.

भाव इतका का पडतो?

चाळीस लाखांची गाडी आठ वर्षांत साडेबारावर का येते? याची काही कारणं सरळ आहेत. अशा गाड्यांचे पहिले मालक बहुधा वॉरंटी संपायच्या सुमारास नवी गाडी काढतात. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादानं २०१५ साली बंदी आणली, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली ती उचलून धरली, आणि तिकडच्या उत्तम स्थितीतल्या गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत येऊ लागल्या. तरीही एवढ्यानं हिशेब पुरा होत नाही.

इनोव्हाचा भाव टिकतो. यात तिच्या दणकटपणाचा वाटा आहेच. पण कोल्हापूरपासून गोंदियापर्यंत कुठल्याही तालुक्याच्या गावी तिच्या बॉनेटखाली हात घालणारा माणूस सापडतो, हाही त्या भावातला मोठा वाटा आहे. जर्मन सेडानला तो माणूस सापडत नाही. सापडला तरी त्याचे हात बांधलेले असतात. गाडीचं लोखंड आठ वर्षांत दोनतृतीयांश झिजत नाही. भावातली ही घसरण बऱ्याच अंशी त्या बांधलेल्या हातांची किंमत आहे. ती पहिला मालक विकताना भरतो आणि दुसरा मालक दुरुस्त करताना.

अवघड आणि मनाई

इथे एक फरक नीट करून घेऊ, कारण काकांचा सगळा गोंधळ तिथेच होतो. दुरुस्ती अवघड असणं वेगळं आणि दुरुस्तीला मनाई असणं वेगळं.

अवघड म्हणजे काय, ते बीएमडब्ल्यूच्या एन४७ या डिझेल इंजिनात दिसतं. त्याची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजिनांमध्ये ही चेन तुटण्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की जगभरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात ते नाव बदनाम झालं. समोर असती तर आवाक्यातलं काम होतं. मागे असल्यामुळे गिअरबॉक्स नाहीतर अख्खं इंजिन उतरवावं लागतं. या रचनेला मी शिव्या देईन, पण तिला अन्याय म्हणणार नाही. पाने आहेत, जॅक आहे, अनुभव आहे, तर चांगला मेकॅनिक ते करू शकतो. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

मधल्या पायरीवर आहे 'लाइफटाइम' ऑइल. जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कित्येक जर्मन सेडानांत बसतो आणि तो खरोखर सुंदर यंत्र आहे. गाडी विकताना सांगतात की त्यातलं ऑइल लाइफटाइम आहे, बदलायची गरज नाही. गिअरबॉक्स ज्यांनी बनवला ती झेडएफ मात्र म्हणते की वापरानुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला. आता लाइफटाइम कोणाचा? गाडीचा तर नव्हे. मला वाटतं पहिल्या मालकाचा. त्यानंतरचे आपण म्हणजे पुनर्जन्म.

आणि बदलायचं ठरवलं तर? ऑइलची पातळी बघायला दांडी नाही. इंजिन चालू ठेवून, गिअरबॉक्सचं तापमान ठराविक टप्प्यात असताना पातळी बघावी लागते, आणि ते तापमान कळतं डायग्नोस्टिकच्या पडद्यावर. म्हणजे ऑइल बदलणं या शंभर वर्षं जुन्या कामालाही आता कॉम्प्युटर जोडावा लागतो. हेही मी समजून घेईन. तापमान मोजण्यामागे खरं इंजिनिअरिंग आहे.

मनाई म्हणजे काय ते मला गेल्या वर्षी एप्रिलमध्ये कळलं. माझ्या गाडीचं एसीचं कंट्रोल पॅनल गेलं. पुण्यातला एप्रिल तुम्हाला सांगायला नको. माझी गाडी बघतात त्यांना सगळे मामा म्हणतात. पन्नाशीचे आहेत, आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये होते, आता वाकडच्या पुढे पत्र्याची शेड टाकून स्वतःचं गॅरेज चालवतात. नवं पॅनल शहाऐंशी हजारांचं होतं. मामांनी कुर्ल्याच्या भंगारबाजारातून तेच पॅनल, त्याच मॉडेलचं, साडेनऊ हजारांत आणलं. अपघातात मागून ठोकलेल्या गाडीतलं, पुढून एक ओरखडा नाही. वीस मिनिटांत बसवलं. चपखल बसलं. दिवे लागले. आणि पडद्यावर सूचना आली की हा भाग या गाडीचा नाही. एसी दोन मिनिटं चालायचा आणि बंद पडायचा.

पॅनलमध्ये काहीही बिघाड नव्हता. त्याच्या मेमरीत जुन्या गाडीचा नंबर होता, माझ्या गाडीचा नव्हता. तो बदलायला कंपनीच्या सर्व्हरची संमती लागते. मी पॅनल घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. बिल दाखवलं, आरसी दाखवली. काउंटरवरचा मुलगा सभ्य होता. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान असेल. "सर, बाहेरचा पार्ट आम्ही कोड करत नाही. पॉलिसी आहे." पैसे घेऊन करा म्हटलं, तरी नाही. मामा म्हणाले, "दादा, पार्ट चांगला आहे, मी चांगला आहे, तुम्ही पण चांगले आहात. गाडीला तेवढं कोणी सांगायला पाहिजे."

शेवटी शहाऐंशी हजार गेले आणि चालू स्थितीतलं एक पॅनल माझ्या माळ्यावर पडून आहे.

मी गाडीच्या खर्चाची एक्सेल शीट ठेवतो. त्या महिन्यापासून तिच्यात दोन रकाने केले. एक 'काम', दुसरा 'परवानगी'. टायर, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे आर्म, ऑइल, मामांची मजुरी हे सगळं कामात. ज्याला कामाची नाही, कोणाच्या तरी होकाराची किंमत लागली ते परवानगीत. मागची बिलंही काढून नीट वाटली. तीन वर्षांत एकूण तीन लाख चौऱ्याऐंशी हजार झाले, आणि त्यातले एक लाखाच्या वर दुसऱ्या रकान्यात आहेत. काका म्हणतात तो हत्ती इतका खातो हे बरोबर आहे. पण त्यातला पाव हिस्सा हत्तीच्या पोटात जातच नाही, माहूत घेऊन जातो. आणि हा माहूत आपण नेमलेला नाही, बदलूही शकत नाही.

कुलूप कसं बनतं

स्टिअरिंगखाली एक सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. अमेरिकेत १९९६ पासून ते सक्तीचं झालं, भारतात २०१० पासून भारत स्टेज ४ च्या नियमांबरोबर ही व्यवस्था टप्प्याटप्प्यानं आली. हजार रुपयांचा स्कॅनर लावला की गाडी काहीतरी बोलते. पण कायद्यानं तिला फक्त धुराबद्दल बोलायला लावलं आहे: इंजिन, इंधन, एक्झॉस्ट. एसी, दारं, एअरबॅग, सस्पेन्शन, मीटर यांच्याबद्दल ती कंपनीच्या खाजगी भाषेत बोलते. ती भाषा ज्या सॉफ्टवेअरला येते ते कंपनीचं, त्याचं लॉगिन कंपनीचं.

यातल्या काही गोष्टींना खरं कारण असतं. बऱ्याच जर्मन गाड्यांत बॅटरी बदलली की तशी नोंद गाडीत करावी लागते, कारण बॅटरी जुनी होईल तसं चार्जिंगचं गणित गाडी बदलत नेते. नवी बसवली हे तिला कळलं नाही तर ती नव्या बॅटरीला म्हातारीसारखं वागवते. ही कल्पना छान आहे. पण मग ती नोंद करायचं बटण डॅशबोर्डच्या मेनूत का नाही? घड्याळाची वेळ बदलायचं आहे. सीटची जागा लक्षात ठेवायचं आहे. दिव्यांचे रंग बदलायचं आहे. ज्या बटणाअभावी ग्राहकाला वर्कशॉपमध्ये यावं लागतं तेवढंच नेमकं नाही.

आमच्या धंद्यात याला फीचर फ्लॅग म्हणतात. सोय तयार असते, एका अटीमागे बंद ठेवलेली असते. अट खरी झाली की उघडते. त्या अटीत 'भाग सुरक्षित आहे का' असं विचारता येतं आणि 'पैसे आलेत का' असंही विचारता येतं. कोडला दोन्ही सारखंच. २०२२ साली बीएमडब्ल्यूनं काही देशांत गरम होणारी सीट महिना १८ डॉलर भाड्यानं देऊन पाहिली. तारा सीटमध्ये आधीच बसवलेल्या, फक्त अट बंद. लोक चिडले आणि पुढच्या वर्षी कंपनीनं तो नाद सोडला. त्याच २०२२ मध्ये मर्सिडीजनं अमेरिकेत आपल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांसाठी वर्षाला १२०० डॉलर भरा आणि जास्त पिकअप मिळवा अशी योजना जाहीर केली. मोटर तीच. आपण विकत घेतलेल्या मोटरीतली ताकद आपल्यालाच वर्गणीनं.

याचा सर्वांत वाईट परिणाम माझ्यासारख्या मालकावर होत नाही, मामांवर होतो. माझे शहाऐंशी हजार गेले, मी दोन महिने हात आखडला, संपलं. मामांच्या गॅरेजमध्ये जो लॅपटॉप आहे त्यात चायना क्लोन केबल आणि क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आहे. स्वतंत्र गॅरेजांमधून ते सर्रास दिसतं. मामांना ते नको आहे. अधिकृत परवाना विकत घ्यायला ते तयार होते, तीन ठिकाणी विचारलं, तिन्हीकडे उत्तर एकच: आम्ही फक्त डीलरला देतो. तीस वर्षं प्रामाणिकपणे काम केलेल्या माणसाला, तेच काम पुढे चालू ठेवायचं तर चोरीचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं. आणि मग कंपन्यांचेच लोक सांगत फिरतात की बाहेरच्या गॅरेजवाल्यांवर विश्वास ठेवू नका, ते पायरेटेड टूल वापरतात. आधी दार बंद करायचं आणि मग खिडकीतून आला म्हणून चोर ठरवायचं.

कायदा झोपलेला नाही, डुलक्या घेतोय

हे सगळं मी पहिल्यांदा सांगत नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. त्यात मारुती, टाटा, महिंद्रा होत्या, तशाच बीएमडब्ल्यू, मर्सिडीज-बेंझ, फोक्सवॅगन आणि स्कोडा होत्या. सुटे भाग आणि डायग्नोस्टिक टूल खुल्या बाजारात मिळू न देणं हा स्पर्धा कायद्याचा भंग आहे, असं आयोगानं म्हटलं आणि मिळून २५४४ कोटींच्या वर दंड लावला. भाग आणि टूल स्वतंत्र गॅरेजांना मिळाले पाहिजेत, बाहेर काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असे आदेशही दिले. मग अपिलं झाली, काहींच्या दंडाची रक्कम कमी झाली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. पोर्टल चांगलं आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. एप्रिलच्या उन्हात पोर्टल उघडून एसी लागत नाही.

आता याच कंपन्या स्वतःच्या घरी कशा वागतात ते बघा. युरोपीय संघाच्या नियमानुसार मोटार कंपनीला दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांनाही भेदभाव न करता द्यावी लागते. तासाच्या, दिवसाच्या, महिन्याच्या हिशेबानं पैसे भरून म्युनिकचा कोपऱ्यावरचा गॅरेजवाला ती वापरू शकतो. जर्मनीची एटीयू ही गॅरेज साखळी आणि काचा बदलणारी कारग्लास यांनी फियाटच्या समूहाविरुद्ध दावा लावला होता. त्यात ५ ऑक्टोबर २०२३ रोजी युरोपच्या न्यायालयानं सांगितलं की नियमात नसलेल्या अटी, उदाहरणार्थ कंपनीच्या सर्व्हरवर नोंदणी, घालून गाडीच्या डेटाचा रस्ता अडवता येणार नाही.

तेव्हा "तंत्रज्ञान इतकं किचकट आहे की बाहेरच्याला देता येत नाही" हे उत्तर खोटं आहे. तिकडे देता येतं. तिकडे द्यावंच लागतं. चाकणला मर्सिडीज जोडल्या जातात, संभाजीनगरजवळ शेंद्र्याला ऑडी जोडल्या जातात. आयटीआय झालेली इथली मुलं त्या गाड्या पहिल्या स्क्रूपासून उभ्या करतात. कारखान्याच्या फाटकाच्या आत ज्या हातांवर विश्वास आहे, फाटकाबाहेर पडून गॅरेज टाकल्यावर त्याच हातांवर का नाही?

"विश्वास ठेवा"

समोरच्या बाजूचं एक म्हणणं मला गंभीरपणे घ्यावंसं वाटतं: सुरक्षितता. सगळं उघडं केलं तर चोरांचं फावेल. हे काल्पनिक नाही. २०१२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये चोर ओबीडी पोर्टाला यंत्र लावून कोऱ्या चावीवर प्रोग्रॅम चढवायचे आणि बीएमडब्ल्यू घेऊन जायचे. चावी, इमोबिलायझर, एअरबॅग यांच्या बाबतीत कुलूप असावंच. पण त्याचंही उत्तर युरोपनं शोधलं आहे. तिथे चोरीशी संबंधित भागांसाठी तपासणी करून स्वतंत्र मेकॅनिकला प्रमाणपत्र देतात, त्या प्रमाणपत्रावर त्याला ते काम करता येतं. बँका केवायसी करतात, हे मेकॅनिकचं केवायसी. मामा आधार, पॅन, पोलीस पडताळणी, सगळं द्यायला तयार आहेत. कोणी मागतच नाही. आणि एसीच्या पॅनलचं काय? चोरीचं असेल ही शंका असेल तर जुन्या गाडीचा नंबर तपासा, चोरीची निघाली तर पोलिसांना कळवा. तपासायचं नाही, पैसेही घ्यायचे नाहीत, फक्त नाही म्हणायचं, याला सुरक्षा म्हणत नाहीत.

बंद कोडवर डोळे मिटून विश्वास ठेवला की काय होतं, हे जर्मन गाड्यांनीच जगाला दाखवलं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी धूर मोजायची यंत्रं गाडीत टाकून ती रस्त्यावर चालवली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत फोक्सवॅगनची जेट्टा ही सेडान मर्यादेच्या १५ ते ३५ पट नायट्रोजन ऑक्साइड सोडताना सापडली. प्रयोगशाळेत तीच गाडी साधूसारखी वागत होती. सप्टेंबर २०१५ मध्ये सत्य बाहेर आलं: आपली चाचणी चालली आहे हे सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं सभ्य व्हायचं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. भारतात तपासणी केली ती पुण्याच्या एआरएआयनं. जिच्यावर आपण रविवारी सकाळी फिरायला जातो त्या टेकडीला लोक जिचं नाव देतात, तीच संस्था. इथेही प्रयोगशाळेतले आणि रस्त्यावरचे आकडे जुळेनात, आणि कंपनीनं ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलवायची घोषणा केली.

त्या कोडची कोणाला बाहेरून तपासणी करता आली असती तर ही लबाडी इतकी वर्षं चालली नसती. कुलपाआड लपतात ती फक्त व्यापारी गुपितं नसतात.

"श्रीमंतांचं रडगाणं"

आता दुसऱ्या प्रकारच्या मित्रांकडे येतो. त्यांचा आक्षेप साधा आहे: परवडत नाही तर घेऊ नका, हा काय शेतकऱ्याचा प्रश्न आहे का?

आहे. महाराष्ट्राला लक्झरी गाडी आणि ट्रॅक्टर यांची तुलना नवी नाही. २०१० साली तेव्हाच्या औरंगाबादेत लोकांनी एकत्र येऊन एका दमात सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या, व्यवहार ६५ कोटींच्या घरातला. त्या गाड्यांना बँकेनं सात टक्क्यांनी कर्ज दिलं, आणि त्याच मराठवाड्यात ट्रॅक्टरच्या कर्जाचा दर त्याहून कितीतरी जास्त होता. पी. साईनाथ यांनी ते लिहिलं आणि ते योग्यच होतं. कर्जाच्या बाबतीत सवलत श्रीमंताकडे थांबली, शेतकऱ्यापर्यंत उतरली नाही.

कुलपाचं उलटं होतं. ते वरून सुरू होतं आणि खाली उतरतं. नवं तंत्र आधी महागड्या सेडानमध्ये येतं. एबीएस तसं आलं, एअरबॅग तशा आल्या, टचस्क्रीन तसा आला. भाग गाडीच्या नंबराला बांधायचं तंत्रही त्याच वाटेनं येणार. अमेरिकेत ते ट्रॅक्टरपर्यंत पोचलं आहे. जॉन डीअर दुरुस्तीचं सॉफ्टवेअर आपल्याच डीलरांपुरतं ठेवते म्हणून तिथल्या व्यापार आयोगानं जानेवारी २०२५ मध्ये तिच्यावर खटला भरला. जॉन डीअरचा कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला आहे. आज इथल्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर गावातला मिस्त्री उघडतो. पेरणीच्या तोंडावर तो सर्व्हरच्या होकारासाठी शेतात उभा राहिला तर काय होईल, हे विचारायची वेळ आत्ताच आहे, तेव्हा नव्हे. माझी सेडान हे त्या उद्याचं आजचं रूप आहे. तिच्यासाठी कळवळा दाखवू नका. तिच्याकडे नमुना म्हणून बघा.

मग काय करायचं?

माझी मागणी मोठी नाही. एक, स्पर्धा आयोगानं २०१४ मध्ये सांगितलं ते अमलात आणणारा कायदा हवा: जे टूल डीलरला मिळतं ते योग्य किमतीत, तासाच्या किंवा दिवसाच्या हिशेबानं, कोणत्याही नोंदणीकृत गॅरेजला मिळालं पाहिजे. दोन, कायदेशीर मार्गानं घेतलेला चालू भाग मालकाच्या लेखी विनंतीवर गाडीला जोडून देणं कंपनीवर बंधनकारक हवं. पैसे घ्या, पण नाही म्हणायचा अधिकार नको. तीन, गाडी विकताना सांगा की हिच्यातले कोणते भाग नंबराला बांधलेले आहेत. पाकिटबंद बिस्किटावर मैदा किती ते छापतात, चाळीस लाखांच्या वस्तूवर एवढं छापायला काय हरकत आहे?

तुम्ही जुनी जर्मन गाडी बघायला जाणार असाल तर जरूर जा. काकांचं ऐकून घाबरू नका. सर्व्हिस रेकॉर्ड बघा, गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं ते विचारा, चेनचा आवाज थंड इंजिनावर ऐका. आणि विकणाऱ्याला आणखी एक प्रश्न विचारा, जो मायलेजपेक्षा महत्त्वाचा आहे: हिचं कोडिंग कोण करतं? उत्तर "फक्त कंपनी" असं आलं तर त्याची किंमत भावातून वजा करा. बाजाराला कुलपाचा भाव लागला तरच ते काढायची कोणाला गरज वाटेल.

राहता राहिलो आपण, म्हणजे हे वाचणाऱ्यांपैकी हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात बसून कोड लिहिणारे. यातल्या कित्येक जर्मन गाड्यांच्या सॉफ्टवेअरचे तुकडे आपल्याच शहरांत, आपल्यासारख्याच पोरांकडून लिहिले जातात. कुठल्या तरी तिकिटावर एक ओळ येते: भागाचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळत नसेल तर बंद कर. लिहायला दहा मिनिटं लागतात, टेस्ट पास होतात, स्प्रिंट संपतो. पुढच्या वेळी ती ओळ तुमच्याकडे रिव्ह्यूला आली तर मंजूर करण्याआधी एक कॉमेंट टाका: गाडी विकून झाल्यावर ही अट कोणाची चाकरी करणार आहे, मालकाची की माहुताची? उत्तर लेखी मागा.